वाचक विचारतात : न झालेल्या गोलाचा हिशेब

महिला फुटबॉलमध्ये बचावपटू म्हणून करिअर करण्याबद्दल मागच्या दोन महिन्यांत बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

मुलगी १४ वर्षांची आहे. दोन वर्षं फॉरवर्ड खेळली, गोलही बरे मारले. नव्या प्रशिक्षकांनी तिला सेंटर बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, उभं केलंय. 'मला मागे टाकलं' म्हणून ती रडकुंडीला आलीय. बचावात खेळून करिअर होतं का? (एक पालक, कोल्हापूर)

होतं, आणि चांगलं लांबलचक होतं. अमेरिकेच्या बेकी सॉअरब्रनचे आकडे मुलीला दाखवा. २१९ आंतरराष्ट्रीय सामने, गोल शून्य. एकही नाही. तरी तिच्या नावावर २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक आहेत, २०१२चं ऑलिंपिक सुवर्ण आहे आणि अमेरिकी लीगचा सर्वोत्तम बचावपटूचा किताब चार वेळा आहे. २०१५च्या विश्वचषकात ती प्रत्येक मिनिट मैदानावर होती. सात सामन्यांत अमेरिकेवर तीन गोल झाले : एक पहिल्या सामन्यात आणि उरलेले दोन थेट अंतिम सामन्यात. मधे काहीच नाही. डिसेंबर २०२४मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा ती ३९ वर्षांची होती.

पैशाचं म्हणाल, तर महिला फुटबॉलमध्ये दहा लाख डॉलरच्या पुढे गेलेला पहिला खरेदी-व्यवहार कुठल्या स्ट्रायकरचा नव्हता. जानेवारी २०२५मध्ये चेल्सीने सॅन दिएगो वेव्हकडून नेओमी गिर्माला ११ लाख डॉलरला घेतलं. ती सेंटर बॅक. आपल्याकडेही १०० आंतरराष्ट्रीय सामन्यांचा टप्पा गाठणारी पहिली भारतीय महिला बचावपटूच आहे, मणिपूरची आशालता देवी.

फॉरवर्डला मागे आणण्यामागे बहुतेकदा साधं कारण असतं. समोरची फॉरवर्ड आता काय करणार, हे तिला आधी कळतं. पण तुम्ही स्वतः प्रशिक्षकांना एकदा नीट विचारा : तिच्यात काय पाहून मागे घेतलंत? 'डावा पायही चालतो', 'बॉल हवेत असताना अंदाज बरोबर येतो', 'मागून बोलते' असं नेमकं उत्तर आलं तर निर्धास्त राहा. 'पुढे जागा नव्हती' असं उत्तर आलं तर मात्र सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. १४व्या वर्षी जागेचा शिक्का मारायची गरज नाही. शाळेच्या सामन्यात तिला अधूनमधून पुढे खेळू द्या.

आणि तिला एक वही करून द्या. गोल मारणारीचं नाव स्कोअरशीटवर येतं, न झालेला गोल कुठेच नोंदला जात नाही. तो हिशेब बचावपटूला स्वतःच ठेवावा लागतो. प्रत्येक सामन्यामागे पाच रकाने पुरेत : किती मिनिटं खेळली, समोरासमोर किती वेळा गाठ पडली आणि त्यांत किती वेळा चकवली गेली, किती हेडर जिंकले, पुढे दिलेले किती पास पोचले, आणि तिच्या चुकीमुळे किती शॉट बसले. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरला जातो की नाही, यावर लक्ष ठेवा. या वहीचा उपयोग पुढे ट्रायलच्या प्रश्नात येतोच आहे.

मी राइट बॅक, म्हणजे बचावात उजव्या कडेला खेळते. वेग चांगला आहे, तरी समोरची विंगर (कडेने चाल करणारी) दर वेळी मला चकवून जाते. चूक कुठे होते? (वय १६, सांगली)

तू लिहितेस की 'मी जोरात तिच्या अंगावर जाते'. चूक तिथेच आहे. अंतर कापायचं ते बॉल तिच्याकडे येत असताना, तो तिच्या पायात स्थिरावल्यावर नाही. पास सुटला की धाव. शेवटचे दोन-तीन मीटर मात्र छोट्या छोट्या पावलांनी, ब्रेक लावत. पूर्ण वेगात पोचलीस तर तिला फक्त बॉल बाजूला सरकवायचा असतो, तू आपोआप पुढे निघून जातेस.

थांबायचं ते तिच्यापासून साधारण एक ते दीड मीटरवर. हात लांब केला तर जेमतेम लागेल न लागेल इतकं. गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, टाचा किंचित उचललेल्या. आता पाय बघ. दोन्ही पाय एका रेषेत, छाती सरळ तिच्याकडे, असं उभं राहिलीस की दोन तोटे : बॉल दोन पायांमधून जातो, आणि वळायला एक जादा पाऊल लागतं. त्या पावलात ती दोन मीटर पुढे गेलेली असते. म्हणून तिरकं उभं राहायचं. तू राइट बॅक, टचलाइन (मैदानाची कडेची रेषा) तुझ्या उजव्या हाताला. तिला बाहेरच्या बाजूला ढकलायचंय, तर तू थोडी आतल्या अंगाला सरक, डावा पाय पुढे, उजवा मागे. आता आतला रस्ता बंद आहे आणि बाहेर गेली तर तुझे खुबे आधीच त्या दिशेला वळलेले आहेत. टचलाइन ही तुझी फुकटची जोडीदार, ती कधी चकवली जात नाही.

नजर बॉलवर. तिच्या खांद्यांवर नाही, डोळ्यांवर तर नाहीच. चकवा सगळा तिथूनच येतो.

टॅकल कधी? तिचा टच लांब पडला, म्हणजे बॉल तिच्या पायापासून पाऊलभर सुटला, तेव्हा. किंवा तिने तुझ्याकडे पाठ केली आणि वळायच्या बेतात आहे, तेव्हा. पुढच्या पायाने, टोचल्यासारखं, वजन मागच्या पायावर ठेवून. हुकलं तरी तू उभी असतेस. जमिनीवर लोळून टॅकल हा शेवटचा उपाय. प्रेक्षकांना तो फार आवडतो, पण बहुतेक वेळा आधी जागा चुकलेली असते म्हणूनच तो करावा लागतो.

सराव असा : १० मीटर लांब, ५ मीटर रुंद पट्टा आखून घे. एक विंगर, एक तू. पहिला आठवडा टॅकलला बंदी, हात पाठीमागे. फक्त समोर राहायचं आणि तिला रेषेबाहेर काढायचं. आठ-दहा सेकंदांच्या सहा फेऱ्या, मध्ये ४० सेकंद विश्रांती. दमल्यावर करू नकोस, दमलेल्या पायांना चुकीची सवय लागते. दुसऱ्या आठवड्यापासून टॅकल. आणि सरावातही चकवली गेलीस तर तिच्या मागे धावत बसू नकोस, सरळ जवळच्या गोलपोस्टच्या दिशेने धाव. ती वळसा घेऊन येणार, तू सरळ रेषेत.

माझी उंची ५ फूट १ इंच. बचावात जागा मिळेल का? (वय १७, परभणी)

सेंटर बॅकला अवघड, कारण कॉर्नर आणि लांब किक रोजच्या आहेत. साइड बॅकला, म्हणजे बचावाच्या डाव्या-उजव्या कडेला, जरूर. अमेरिकेची क्रिस्टल डन जवळपास तुझ्याच उंचीची. ती क्लबकडून पुढे खेळायची आणि २०१९चा विश्वचषक लेफ्ट बॅक म्हणून जिंकली. कॉर्नरच्या वेळी तुला पोस्टपाशी उभं करतील. तिथेही काम असतं.

माझ्या मुलीच्या संघातल्या दोघींचे गुडघ्याचे लिगामेंट एकाच वर्षी तुटले. मुलींना हे जास्त होतं का? टाळता येतं का? (एक आई, पुणे)

होय, जास्त होतं. गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, ज्याला मैदानावर सगळे 'एसीएल' म्हणतात, ते तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दुप्पट-तिप्पट मानला जातो. आणि बहुतेकदा कुणी लाथ मारलेली नसते, धक्काही लागलेला नसतो. बचावपटूच्या बाबतीत प्रसंग ठरलेला आहे : ती वेगात फॉरवर्डवर चालून जाते, फॉरवर्ड अचानक दिशा बदलते, हिचा पाय शरीरापासून लांब टेकतो, गुडघा जवळजवळ सरळ असतो, धड एका बाजूला कललेलं आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. क्षणभरात काम संपतं. वरच्या सांगलीच्या उत्तरात 'शेवटचे दोन-तीन मीटर छोटी पावलं, गुडघे वाकवून' म्हटलंय, ते नुसत्या चकव्यासाठी नाही.

टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे 'फिफा ११+' हा वॉर्मअप. साधनं काही लागत नाहीत, २० मिनिटं लागतात. तीन भाग आहेत. पहिला ८ मिनिटांचा, हळू धावण्याचा : सरळ, मांडी बाहेर फिरवत, आत फिरवत, जोडीदारणीभोवती गोल, उडी मारून खांद्याला खांदा, पुढे-मागे झटपट. दुसरा १० मिनिटांचा, ताकद, उड्या आणि तोल यांचा : कोपरांवर प्लँक, कुशीवर प्लँक, मांडीच्या मागच्या स्नायूंचा नॉर्डिक, एका पायावर उभं राहणं, बैठका, उड्या. प्रत्येकाच्या तीन पायऱ्या आहेत. तिसरा २ मिनिटांचा, वेगात धावणं आणि पाय रोवून दिशा बदलणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर हा कार्यक्रम तपासला गेला, निष्कर्ष २००८मध्ये आले : गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या.

मग आपल्याकडे हे करूनही फरक का पडत नाही, असं काही प्रशिक्षक विचारतात. कारणं तीन दिसतात. आठवड्यातून किमान दोनदा, हंगामभर करायचं असतं. आपण सामन्याच्या दिवशी करतो. नॉर्डिक दुखतं म्हणून गाळतात, तोच तर गाळायचा नाही. गुडघे टेकून बसायचं, जोडीदारीण घोटे धरते, पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं, सावरेनासं झालं की हात टेकायचे. सुरुवात ३ ते ५ वेळा, काही आठवड्यांनी ७ ते १०, पुढे १२ ते १५. पहिल्या दिवशीच १५ काढले तर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, आणि मुली तो व्यायाम कायमचा सोडतात. तिसरं कारण : उडी मारून खाली येताना गुडघे आत येताहेत का, हे कुणी समोर उभं राहून बघतच नाही. मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या वर राहिला पाहिजे.

बुटांचंही बघा. कृत्रिम टर्फवर लांब स्टडचे (तळाला उंच खुंट्या असलेले) बूट घातले की स्टड अडकतो, पाय जागीच राहतो आणि गुडघा फिरतो. टर्फसाठी आखूड, जास्त संख्येने स्टड असलेले बूट घ्यावेत. उन्हाळ्यात आपली मातीची मैदानं दगडासारखी होतात, त्यांवरही तेच बरे. लांब स्टड पावसाळ्यातल्या हिरवळीसाठी ठेवा.

दुर्घटना झालीच तर : 'टक' असा आवाज आणि दोन-तीन तासांत गुडघा सुजणं ही जोडी दिसली की 'मोच आहे, शेकू' म्हणू नका. चालवू नका, बर्फ लावा, अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांच्या आत सामना नाही. तेवढा काळ पूर्ण होईपर्यंत जितके महिने थांबाल तितका पुन्हा तुटण्याचा धोका उतरतो. आणि नुसते महिने मोजून भागत नाही, दुखावलेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत यायला हवी. 'सहा महिने झाले, फायनल आहे, तेवढी खेळू दे' या वाक्याने अनेकींचे गुडघे दुसऱ्यांदा गेलेत.

जाता जाता : मुलगी लवकर दमत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, १२च्या खाली असेल तर उपचार हवेत. आणि सरावाच्या हंगामात पाळी सलग तीन महिने आली नाही तर 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडतंय, याची ती खूण असू शकते. हाडं तिथूनच कच्ची राहतात.

मी १९ वर्षांची, विद्यापीठ संघात सेंटर बॅक. इंडियन विमेन्स लीगच्या क्लबपर्यंत पोचायचं कसं? आधी कागद की आधी ट्रायल? (नागपूर)

आधी कागद. ट्रायल चांगली होऊनही जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून अडकणाऱ्या मुली कमी नाहीत. जन्मदाखला, आधार, पासपोर्ट या तिन्हींवर नाव आणि तारीख एकच करून घे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत तुझा क्रमांक निघालेला असायला हवा. महाराष्ट्रात हे काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्न जिल्हा संघटना आणि क्लबमार्फत होतं. एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबकडे नोंदणी आणि अधिकृत सामने फक्त दोघांकडून, हा फिफाचा नियम लक्षात ठेव. गावातल्या स्पर्धेसाठी 'नुसती सही कर' म्हणणाऱ्यांना ठाम नकार.

मग दिसायचं कुठे? लीगच्या दोन श्रेणी आहेत, दुसरी २०२४पासून सुरू झाली. नवख्या मुलीला तोच दरवाजा सोपा. राज्य संघात आलीस तर राजमाता जिजाबाई करंडकासाठीची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा. मणिपूरसारख्या संघाविरुद्ध ९० मिनिटं तग धरलीस तर ती दहा ट्रायलांच्या बरोबरीची.

व्हिडिओबद्दल सविस्तर, कारण इथे बचावपटूंची हमखास गफलत होते. मैदानावरचा मित्र मोबाइल बॉलमागे फिरवतो. बचावपटूचं निम्मं काम बॉल लांब असताना चालू असतं : बचावाची रेषा पुढे सरकवणं, जोडीदारणीशी आठ-दहा मीटरचं अंतर राखणं, मान वळवून मागची धावणारी बघणं. कॅमेरा ते सगळं कापून टाकतो. म्हणून उंचावरून, गॅलरीच्या वरच्या पायरीवरून, झूम न करता अख्खी बचावफळी चौकटीत राहील असं चित्रण कर. चार-पाच मिनिटांची चित्रफीत पुरे. प्रत्येक प्रसंग टॅकलच्या पाच सेकंद आधीपासून दाखव. तू धोका कधी ओळखलास, हे बघणाऱ्याला तिथेच कळतं. स्वतःवर बाण काढ. उंच उडवून लावलेल्या किका कमी, दबावाखाली पायातून बाहेर काढलेले पास जास्त. २०१९पासून गोलकिकचा पास पेनल्टी क्षेत्राच्या आतच घेता येतो, त्यामुळे चांगले संघ हल्ली सेंटर बॅकपासूनच खेळ रचतात. तुझी एक चूक आणि ती तूच कशी सावरलीस, हेही टाक. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक आणि कोल्हापूरच्या उत्तरातल्या वहीची बेरीज.

ट्रायलला ओळख नसलेल्या दहा जणींबरोबर खेळायचं असतं. तिथे बोल. 'मॅन ऑन' (मागे कुणी आहे), 'टाइम' (वेळ आहे), 'आउट' (रेषा पुढे घ्या), 'ड्रॉप' (मागे या) हे चार शब्द भारतभर चालतात. गप्प सेंटर बॅक कुणी निवडत नाही. ट्रायलसाठी किंवा 'सिलेक्शन पक्कं' करण्यासाठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिर.

करार मिळाला तर प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि एक प्रत तुझ्याकडे. रक्कम किती, दर महिन्याच्या कुठल्या तारखेला, राहणं-जेवण कोणाचं, दुखापतीचा खर्च आणि विमा कोणाचा, आणि दुखापतीत पगार चालू राहतो का. शेवटचा मुद्दा बहुतेक करारांत मोघम असतो, तो शब्दांत लिहून घे. दोन महिन्यांचा पगार थकला तर फिफाच्या नियमांनुसार लेखी मागणी करून १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी आला नाही तर करार सोडायला ते रास्त कारण ठरतं. तोंडी तक्रारीला अर्थ नाही, ईमेल कर.

मिळकत किती? घर चालतं का? (एक शिक्षक, सातारा)

भारतात एकट्या लीगवर, बहुतेकींचं नाही. २०२३मध्ये महासंघाने लीगच्या क्लबांसाठी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांच्या करारांची योजना मांडली. त्यावरून पट्टी कुठे आहे ते कळेल. म्हणून नोकरी महत्त्वाची. रेल्वे, पोलीस, आणि महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. त्यासाठी प्रमाणपत्रांची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते, ती जाहिरात निघाल्यावर नव्हे, आधीच करून ठेवावी.

परदेशातही चित्र फार जुनं नाही. अमेरिकेची सध्याची लीग २०१३मध्ये सुरू झाली तेव्हा किमान पगार हंगामाला ६,००० डॉलर होता. २०२५साठी तो ४८,५०० आणि २०३०पर्यंत ८२,५०० ठरलाय. हे खेळाडूंच्या संघटनेने करारात भांडून मिळवलं. राष्ट्रीय संघाच्या समान मोबदल्याचा करार २०२२मध्ये झाला तेव्हा राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंच्या वेगळ्या संघटनेची अध्यक्ष सॉअरब्रनच होती. शून्य गोलवाली.

मुलगी इथेच जन्मली, हायस्कूल संघात लेफ्ट बॅक आहे. पुढे कॉलेज ड्राफ्टमधून जाता येईल ना? आणि भारताकडून खेळता येईल का? (एडिसन, न्यू जर्सी)

ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी कॉलेजच्या खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची पद्धत, आता राहिलेला नाही. अमेरिकी लीग आणि खेळाडू संघटना यांच्या ऑगस्ट २०२४च्या करारात तो रद्द झाला. आता खेळाडू थेट क्लबशी बोलते. कॉलेज प्रशिक्षक दहावीच्या वर्षानंतर १५ जूनपासून तिच्याशी थेट बोलू शकतात. तोवर व्हिडिओ तयार हवा. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) चालत नाही.

शेवटच्या बचावपटूने फाउल केला की लाल कार्डच, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खरं का? (शालेय प्रशिक्षिका, रत्नागिरी)

नियमात 'शेवटची बचावपटू' हा शब्दच नाही. पंच चार गोष्टी बघतात : गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात राहण्याची शक्यता, आणि इतर बचावपटू कुठे व किती आहेत. गोलची स्पष्ट संधी हिरावली तर पेनल्टी क्षेत्राबाहेर लाल. पेनल्टी क्षेत्रात मात्र बॉलसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना फाउल झाला तर पेनल्टी आणि पिवळं. धरलं, ओढलं, ढकललं तर पेनल्टी आणि लालच. तेव्हा मुलींना सांगा, क्षेत्रात जर्सीला हात लावायचा नाही. पाय पोचत नसेल तर गोल आणि फॉरवर्ड यांच्या मधल्या रेषेत धावत राहा आणि पुढचं गोलकीपरवर सोडा.